तिसऱ्या रांगेत बसून ऐकायचं संगीत: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात लंडनच्या विगमोर हॉलच्या सीझनबद्दल चार परिच्छेद लिहिले होते. चेंबर म्युझिक म्हणजे मुळात खोलीत बसून वाजवायचं संगीत, दोनपासून आठ-नऊ वादकांपर्यंत, आणि रिसायटल म्हणजे एकट्या कलाकाराची मैफल, किंवा गायक आणि पियानोवादक असे दोघंच, एवढं साधं सांगितलं होतं. त्यावर इतके मेल आणि मेसेज आलेत की यावेळी सगळी पानं तुमच्या प्रश्नांनाच देतेय. सगळे घेता आले नाहीत, पण जे घेतलेत त्यांना मनापासून उत्तर द्यायचा प्रयत्न केलाय.

ताई, मुलगा-सून लंडनला असतात, सप्टेंबरात आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी जातोय. मुलगा म्हणतो विगमोर हॉलला नेतो. आम्ही तीस वर्षं न चुकता सवाईला जातोय, पण हे पाश्चात्य संगीत कानावर पडतं आणि आत काही उतरत नाही. पैसे वाया जातील का? (नाशिकचे एक वाचक)

अजिबात वाया जाणार नाहीत काका, आणि तुम्ही अगदी बरोबर वेळेला जाताय, कारण तिथला सीझन सप्टेंबरात सुरू होतो तो जुलैपर्यंत चालतो, वर्षाला पाचशेच्या वर मैफिली होतात, म्हणजे तीन महिन्यांत तुम्हाला निवडायला भरपूर आहे.

आधी हॉलबद्दल सांगते. सवाईचा मांडव डोळ्यासमोर असेल तर तो बाजूला ठेवा. विगमोर हॉलमध्ये साडेपाचशेच्या आसपास खुर्च्या आहेत, बस. 1901 साली बेखस्टाइन नावाच्या जर्मन पियानो कंपनीनं आपल्या शोरूमच्या शेजारी तो बांधला, आपले पियानो लोकांनी चांगल्या जागी ऐकावेत म्हणून. पहिलं महायुद्ध आलं आणि जर्मन कंपनी म्हणून 1916 मध्ये हॉल, शोरूम, पियानो सगळंच्या सगळं लिलावात गेलं, डेबनम्स या दुकानवाल्यांनी ते घेतलं आणि 1917 मध्ये हॉल रस्त्याच्या नावानं पुन्हा उघडला, विगमोर स्ट्रीटवरचा म्हणून विगमोर हॉल. स्टेज छोटंसं आहे, वर अर्धगोल घुमट आणि त्यावर निळ्या-सोनेरी रंगातलं चित्र. माइक नाही, स्पीकर नाही. व्हायोलिनचा गज तारेवर नुसता टेकला तरी मागच्या रांगेत कळतं. जुन्या वाड्यातल्या दिवाणखान्यात गवयाच्या समोर चार हातांवर बसून ऐकणं आणि मैदानात स्क्रीनवर बघत ऐकणं यात काय फरक असतो हे तुम्हाला मी काय सांगणार.

आता उतरत नाही म्हणालात त्याबद्दल. माझ्या मते आपण चुकीच्या ठिकाणी शोधत असतो. आपला कान एका गळ्याच्या मागे जायला शिकलेला आहे, एक सूर धरायचा, तानपुऱ्याचा षड्ज मागे चालू, आणि बढत होत जाते तसं त्याच्याबरोबर जायचं. क्वार्टेटमध्ये, म्हणजे दोन व्हायोलिन, त्यांच्याहून जरा मोठा आणि खालच्या आवाजाचा व्हायोला आणि गुडघ्यांत उभा धरायचा मोठा चेलो, असे चार जण एकाच वेळी बोलत असतात आणि आपण सवयीनं सगळ्यात वरचा आवाज पकडतो, म्हणजे पहिलं व्हायोलिन, बाकीचे तिघं नुसती साथ करतायत असं वाटतं, आणि मग दहा मिनिटांत कंटाळा येतो. गंमत सगळी मधल्या आवाजांत असते.

म्हणून जायच्या आधी एक गोष्ट करून बघा. हायडन नावाच्या जुन्या संगीतकाराचं एक क्वार्टेट आहे, ओपस 76 मधलं तिसरं (ओपस म्हणजे काय ते पुढे सांगतेय), त्याला एम्परर म्हणतात. त्याची फक्त दुसरी मूव्हमेंट, म्हणजे रचनेचा दुसरा भाग, ऐका, सात-आठ मिनिटांची आहे. हायडन लंडनला आला होता तेव्हा तिथलं राजाचं गीत ऐकून त्याला वाटलं की आपल्याकडेही असं काहीतरी हवं, आणि 1797 मध्ये त्यानं ऑस्ट्रियाच्या सम्राटासाठी एक चाल बांधली, तीच चाल आज जर्मनीचं राष्ट्रगीत आहे. त्याच वर्षी त्यानं ती या क्वार्टेटमध्ये घातली. सुरुवातीला पहिलं व्हायोलिन ती साधी म्हणतं, बाकीचे तिघं खाली उभे. मग पुढच्या फेरीला तीच चाल दुसऱ्या व्हायोलिनकडे जाते आणि पहिलं व्हायोलिन तिच्याभोवती बारीक बारीक नक्षी काढत राहतं, दोघंच वाजवतायत, बाकीचे दोघं गप्प बसलेत. मग चाल चेलोकडे, मग व्हायोलाकडे, आणि शेवटी परत पहिल्याकडे. चाल बदलत नाही हं, एक स्वर इकडचा तिकडे होत नाही, बदलतं ते तिच्या आजूबाजूचं सगळं. तुम्ही सवाईवाले आहात म्हणून सांगते, तबल्याच्या सोलोत हार्मोनियमवर लेहरा तसाच्या तसा फिरत असतो आणि सगळी करामत तबल्यात चालते ना, तसं. लेहऱ्याकडे बघत तबला ऐकणारा कान तुमच्याकडे तयारच आहे, तो इथे वापरायचाय.

हे तीनदा ऐका. पहिल्यांदा चालीच्या मागे जा, दुसऱ्यांदा चाल सोडून बाकीच्यांकडे, तिसऱ्यांदा फक्त चेलो. तिसऱ्या वेळी तुम्हाला जे ऐकू येईल ते पहिल्या वेळी तिथे होतंच.

तिकीट कुठलं काढायचं असं विचाराल तर पहिल्यांदा रविवार सकाळची मैफल घ्या, साडेअकराची असते, तासाभराची, आणि संपल्यावर कॉफी किंवा शेरी हातात देतात, लोक तिथेच उभ्यानं गप्पा मारतात. शक्यतो स्ट्रिंग क्वार्टेट निवडा आणि कार्यक्रमात हायडन असेल तर उत्तमच. मुलाला सांगा की पुढच्या रांगांचं तिकीट काढ, मला स्वतःला तिसरी रांग आवडते. मुलगा-सून पस्तिशीच्या आतले असतील तर बऱ्याच मैफिलींना त्यांच्यासाठी 5 पौंडाची तिकिटं असतात तीही विचारा.

मुंबईत एका कार्यक्रमाला गेले होते. पियानो थांबला म्हणून मी टाळ्या वाजवल्या आणि आजूबाजूच्या पाच-सहा जणांनी वळून असं बघितलं की मला रडू यायचं बाकी राहिलं. नंतर पुन्हा गेले नाही. नियम तरी काय आहे? (डोंबिवलीच्या एक वाचक)

वाचून फार वाईट वाटलं. तुमचं काहीही चुकलेलं नाही. ज्यांनी वळून बघितलं त्यांचं चुकलं, कारण नव्या माणसाला असं बघून परत पाठवणं म्हणजे त्या संगीताचंच नुकसान आहे.

आणि एक सांगू का, टाळ्या न वाजवायची पद्धत काही अनादि काळापासूनची नाही. 1778 मध्ये मोझार्टनं पॅरिसहून वडिलांना पत्र लिहिलंय, त्यात तो मोठ्या आनंदानं सांगतो की सिंफनीच्या पहिल्या मूव्हमेंटमध्ये अमुक जागा लोकांना आवडणार हे मला माहीतच होतं आणि तिथे मध्येच टाळ्या पडल्या. त्याला हवंच होतं ते! मधल्या काळात हळूहळू शांत बसायची रीत पडली. एका अर्थी ती मला पटते पण, कारण एक मूव्हमेंट संपून दुसरी सुरू होईपर्यंत जी शांतता असते ना तीसुद्धा रचनेचाच भाग असल्यासारखी वाटते.

सोपा उपाय सांगते. छापील कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक रचनेच्या नावाखाली ओळी असतात, अलेग्रो, अडाजिओ वगैरे, जितक्या ओळी तितक्या मूव्हमेंट. त्या मोजायच्या. मोजणं चुकलं तर वादकाच्या हाताकडे बघायचं, गज खाली मांडीपर्यंत आला, खांदे सैल पडले, म्हणजे झालं. पियानोवाला असेल तर तो उठून उभा राहतो. शूबर्टच्या विंटररायजसारखी गाण्यांची माळ असेल, चोवीस गाणी आहेत त्यात, तर शेवटच्या गाण्यानंतरच टाळ्या. आणि आपल्यासारखं वाह, क्या बात है मध्येच नाही म्हणत तिथे, ते मात्र मला अजूनही जड जातं, ओठांवर येतं आणि गिळावं लागतं.

पुन्हा जा हो. नक्की जा.

ओपस, के, डी, बीडब्ल्यूव्ही हे काय प्रकरण आहे? रागाचं नाव असतं तसं काही का नसतं? (सोलापूर)

ओपस म्हणजे प्रकाशित कृतीचा नंबर. सगळ्यांच्या रचना त्यांच्या हयातीत नीट नंबर देऊन छापल्या गेल्या नाहीत म्हणून नंतरच्या अभ्यासकांनी याद्या केल्या, मोझार्टची कोचेलनं केली म्हणून के, शूबर्टची डॉइचनं केली म्हणून डी, बाखच्या यादीला बीडब्ल्यूव्ही म्हणतात. रागाशी तुलना नका करू, हा बंदिशीचा पत्ता आहे समजा, यूट्यूबवर शोधताना तो टाकला की नेमकी तीच रचना मिळते, एवढ्यासाठी लक्षात ठेवायचं. बाकी त्यात काही नाही.

चौघांत ताल धरणारं कुणीच नाही, तबला नाही, कंडक्टर नाही. मग हे एकत्र राहतात कसे? मी स्वतः तबला वाजवतो म्हणून विचारतोय. (मिरजेचे एक वाचक)

मिरजेहून, आणि तबलावाल्याचा प्रश्न, मला फार आनंद झाला.

एक दृश्य सांगते. मी पुढेच बसले होते, चौघं स्टेजवर आले, बसले, गज तारेच्या वर दोन बोटं धरले. हॉलमध्ये चिडीचूप. पहिल्या व्हायोलिनवालीनं नाकानं श्वास घेतला, चांगला ऐकू येईल इतका, तिची हनुवटी किंचित वर गेली आणि ती खाली यायच्या क्षणी चारही गज तारेवर. तो श्वास हाच ठेका. किती वेगानं घेतला त्यावरून लय कळते, किती खोल घेतला त्यावरून पहिला स्वर जोरात की हळू ते कळतं. समेवर यायच्या आधी गायक मान उचलतो आणि तुम्ही तयार होता ना, तेच.

पण पुढे अर्धा तास तो ठेका ती एकटीच सांभाळत नाही, हे महत्त्वाचं. जिथे चाल चेलोकडे जाते तिथे चेलोवाला श्वास देतो, जिथे व्हायोलाचे बारीक स्वर सलग चाललेत तिथे लय व्हायोलावाल्याच्या हातात असते आणि बाकीचे तिघं तिच्यावर चालतात, म्हणजे ठेका सारखा हात बदलत असतो. म्हणून ते सारखे एकमेकांकडे बघतात, आणि नीट लक्ष दिलंत तर दिसेल की ज्याच्याकडे बघतायत त्याच्याकडे त्या क्षणी काहीतरी महत्त्वाचं आहे. ऐकू नाही आलं तरी नजरेच्या मागे जा, कान आपोआप पोचेल. बेथोव्हनचं ओपस 131 म्हणून क्वार्टेट आहे, सात मूव्हमेंट, मध्ये एकदाही न थांबता जवळपास चाळीस मिनिटं, ते प्रत्यक्ष बघायला मिळालं तर तुम्हाला तबलावाला म्हणून जे दिसेल ते मलासुद्धा दिसणार नाही. तुम्ही ऐकलंत की मला जरूर लिहा.

एकटा माणूस दीड तास पियानो वाजवतो, तेही पाठ, समोर कागद नाही. हे पूर्वीपासून असंच आहे का? (औरंगाबाद)

नाही. पूर्वी एका कार्यक्रमात दहा जणांचं दहा प्रकारचं चालायचं, गाणं, मग व्हायोलिन, मग दोन जणांचं काहीतरी. अख्खी संध्याकाळ एकट्यानं वाजवायची हे लिस्ट नावाच्या पियानोवादकानं सुरू केलं आणि रिसायटल हा शब्द 1840 मध्ये लंडनमधल्या त्याच्या कार्यक्रमांच्या जाहिरातीत आला, तेव्हा लोकांना प्रश्न पडला की पियानो रिसाइट कसा करणार, रिसाइट तर कविता करतात. पाठ वाजवायची रीत लिस्ट आणि पियानोवादक क्लारा शूमान यांच्यामुळे रुळली. पण आता बरेच मोठे कलाकार समोर कागद किंवा आयपॅड ठेवतात आणि त्यात कमीपणा काही नाही.

एकट्याच्या वाजवण्यावरून एक आठवण. कोविडमध्ये सगळे हॉल बंद होते, आणि 1 जून 2020 ला विगमोर हॉलनं बीबीसी रेडिओबरोबर रिकाम्या हॉलमधून मैफिली सुरू केल्या. पहिल्या दिवशी स्टीव्हन हफ नावाचा पियानोवादक होता. त्यानं सुरुवात केली ती बाखच्या शाकोननं. मूळ ती रचना एकट्या व्हायोलिनसाठी, बुसोनी या पियानोवादकानं ती पियानोवर उतरवली, आणि हाच बुसोनी 1901 मध्ये त्या हॉलच्या उद्घाटनाला वाजवून गेला होता. मी घरी डायनिंग टेबलावर लॅपटॉप ठेवून ऐकत होते, बाहेर रस्त्यावर माणूस नाही, आणि स्क्रीनवर साडेपाचशे रिकाम्या खुर्च्यांसमोर एक माणूस वाजवतोय. संपलं, तो उठला, आणि टाळ्या नाहीत. मी वाजवल्या, घरात एकटीच. त्या हॉलच्या कितीतरी मैफिली यूट्यूबवर फुकट आहेत, लंडनला जाता येत नसेल त्यांनी तिथून सुरुवात करावी.

रागावू नका, पण हे सगळं श्रीमंतांचं, सुटाबुटातल्या लोकांचं संगीत आहे. आमच्यासारख्यांनी का ऐकावं? (जळगाव)

रागावले नाही, प्रश्न रास्त आहे. राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यात हे वाढलं हे खरंच आहे, हायडन आयुष्यातला मोठा काळ एस्टरहाझी घराण्याच्या पदरी होता, दरबारी गवयासारखाच. तिकिटं महाग असतात आणि काही ठिकाणी नव्या माणसाला परकं वाटायला लावतात, वरचं डोंबिवलीचं पत्र वाचलंतच.

पण हेही ऐका. 1939 मध्ये युद्ध सुरू झालं, लंडनमधले हॉल बंद पडले, नॅशनल गॅलरीतली चित्रं बॉम्बच्या भीतीनं बाहेर हलवली, भिंती रिकाम्या. मायरा हेस नावाची पियानोवादक पुढे आली, म्हणाली इथे रोज दुपारी मैफिली करू, आणि तिकीट ठेवलं एक शिलिंग. 10 ऑक्टोबरला पहिली मैफल तिनं स्वतः वाजवली. थोडेफार लोक येतील असं वाटलं होतं, बाहेर शेकडोंची रांग लागली. ऑफिसमधले कारकून, सैनिक, दुकानात काम करणाऱ्या बायका, जेवणाच्या सुट्टीत सँडविच खात ऐकायचे. बॉम्ब पडायला लागले तेव्हा मैफिली खाली तळघरात नेल्या पण थांबवल्या नाहीत. साडेसहा वर्षं, जवळपास 1,700 मैफिली. आणि वाजवत काय होते, तर बाख, बेथोव्हन, शूबर्ट, ब्राम्स, म्हणजे ज्यांच्याशी लढाई चालू होती त्यांच्याच भाषेतले. ते शिलिंग देऊन आत गेलेले लोक सुटाबुटातले नव्हते हो. त्यांना ऐकावंसं वाटलं. तुम्हालाही वाटलं तर ऐका, एवढंच म्हणेन, कुणी वरून सांगतंय म्हणून नको.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, पुण्यात व्हायोलिन शिकते, वेस्टर्न. क्लासमध्ये चार मुलांचं क्वार्टेट केलंय आणि तिला सेकंड व्हायोलिन दिलंय. घरी येऊन खूप रडली, म्हणते मला मागे टाकलं. काय सांगू तिला? शिवाय इथे जवळपास तिला काय ऐकवता येईल? (पुण्यातली एक आई)

दुसरं आधी सांगते. पुण्यात पूना म्युझिक सोसायटीचे कार्यक्रम कॅम्पातल्या माझदा हॉलला होतात, छोटी जागा आहे, मुलीला पुढे बसवा. मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्रात, सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा सीझन असतो तेव्हा छोट्या मैफिलीही बघून ठेवा. गोव्याला नातेवाईक असतील तर ओल्ड गोव्याच्या टेकडीवर मोंतेच्या चॅपलमध्ये मोंते फेस्टिव्हल होतो, आपलं आणि पाश्चात्य दोन्ही ऐकायला मिळतं, मागे मांडवी नदी दिसते. आणि सहज कधीतरी तिला सांगा की गोव्यात चर्चच्या शाळांमधून पिढ्यान् पिढ्या मुलं व्हायोलिन शिकली, त्यातलीच कितीतरी मुंबईला आली आणि आपल्या जुन्या हिंदी गाण्यांच्या मागे जी व्हायोलिन्स वाजतात ती त्यांची आहेत.

आता तिचं रडणं. मागे नाही टाकलं तिला, मध्ये बसवलंय. पहिल्या व्हायोलिनला वरची चाल असते, ती कुणालाही ऐकू येते. दुसऱ्याला एका क्षणी पहिल्याची जोड द्यायची, दुसऱ्या क्षणी व्हायोलाबरोबर खालचा भरणा करायचा, म्हणजे तिघांना सतत ऐकत वाजवायचं. चौघांत सगळ्यात तयार कान त्याला लागतो. मोझार्ट मित्रांबरोबर क्वार्टेट वाजवायचा तेव्हा व्हायोला घेऊन मध्ये बसायचा. शूबर्टच्या घरी भाऊ व्हायोलिनवर, वडील चेलोवर आणि तो स्वतः व्हायोलावर.

आणि आपल्या मुंबईचे मेहली मेहता, झुबिन मेहतांचे वडील. त्यांनी 1935 मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट काढलं, पुढे मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात वाजवलं, आणि 1959 मध्ये पन्नाशी उलटल्यावर अमेरिकेला फिलाडेल्फियात कर्टिस क्वार्टेटमध्ये गेले ते सेकंड व्हायोलिन म्हणून. ज्या माणसानं स्वतः ऑर्केस्ट्रा उभा केला, तो तिथे काही वर्षं दुसऱ्या खुर्चीवर बसला. अमेरिकेतल्याच एमर्सन क्वार्टेटमध्ये तर दोघं व्हायोलिनवाले आलटून पालटून पहिलं-दुसरं वाजवायचे.

एवढं सांगूनही अकरा वर्षांच्या मुलीचं समाधान होईलच असं नाही, मला कळतं ते. म्हणून एक करा. नाशिकच्या काकांना जी हायडनची मूव्हमेंट सांगितली ती तिला लावून द्या, आणि पहिली फेरी संपली की विचारा, आता चाल कुणाकडे गेली? तिच्या सरांना सांगून त्या जागेचा कागद आणा. चाल लहानशी आहे, स्वर सोपे आहेत, तिला येतील. मग घरी दिवाणखान्यात पहिल्या व्हायोलिनवाल्या मुलाला किंवा मुलीला बोलवा, तुम्ही दोघं आणि आजी-आजोबा सोफ्यावर बसा, आणि तिला ती चाल वाजवू द्या, सावकाश, पहिलं व्हायोलिन तिच्याभोवती धावत असताना.